टेकडीवरच्या चॅपेलमधील विवाह : आधी परवानगी, मग पाहुणे

लग्नसोहळा घरच्या अंगणातून मंगल कार्यालयात गेला, त्याला आता कैक दशके लोटली. कार्यालयातून तो हॉटेलच्या हिरवळीवर आला आणि गेल्या काही वर्षांत तर थेट गावाबाहेर, राजवाड्यात, समुद्रकिनारी किंवा डोंगरमाथ्यावर जाऊन पोहोचला आहे. 'डेस्टिनेशन वेडिंग' हा शब्द मध्यमवर्गीय घरांतही आता परका राहिलेला नाही. मुंबई-पुण्याच्या मंडळींना अशा सोहळ्यासाठी सर्वांत जवळचे आणि ओढीचे ठिकाण म्हणजे गोवा. त्यातही किनाऱ्यावरील मांडवाइतकेच आकर्षण असते ते हिरव्या टेकडीवरील पांढऱ्याशुभ्र चॅपेलचे. खाली नदीचे पात्र, भोवती माड-काजूची झाडी, घंटेचा नाद आणि मावळतीचा प्रकाश. असे चित्र एकदा मनात भरले की बाकीचे सारे बेत त्याभोवतीच रचले जातात.

हे चित्र मनात बाळगणारे तीन प्रकारचे लोक असतात. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत, वसईत किंवा पुण्यात स्थायिक झालेली आणि मूळ गावाशी नाते राखू पाहणारी ख्रिस्ती कुटुंबे हा पहिला प्रकार. वर किंवा वधू यांपैकी एकच जण ख्रिस्ती असलेली आंतरधर्मीय जोडपी हा दुसरा. आणि दोघेही ख्रिस्ती नसून केवळ त्या वास्तूच्या व परिसराच्या सौंदर्याने मोहित झालेली जोडपी हा तिसरा. तिघांचे मार्ग वेगवेगळे आहेत. मात्र चूक बहुधा एकच होते : आधी हॉटेल ठरते, मग विमानाची तिकिटे काढली जातात, पत्रिका छापल्या जातात आणि सर्वांत शेवटी चॅपेलच्या पाद्रींना दूरध्वनी केला जातो. हा क्रम नेमका उलटा हवा. तो का, हे समजून घेण्यासाठी चॅपेल म्हणजे काय, येथूनच सुरुवात करावी लागते.

चर्च आणि चॅपेल

गोव्यातील ख्रिस्ती गावाचे मुख्य प्रार्थनामंदिर म्हणजे पॅरिश चर्च, कोकणीत 'इगर्ज'. बाप्तिस्मा, विवाह आणि अंत्यविधी यांच्या नोंदी येथेच ठेवल्या जातात. चॅपेल अर्थात 'कपेल' हे त्याहून लहान. ते एखाद्या वाड्यावर, टेकडीवर किंवा नदीकाठी असते आणि कोणत्या ना कोणत्या पॅरिशच्या अखत्यारीत येते. तेथे रोज मिस्सा होईलच असे नाही. परंतु वाड्यावरचे लोक सायंकाळी तेथे प्रार्थनेला जमतात, नोव्हेना करतात आणि वर्षातून एकदा मोठ्या उत्साहाने 'फेस्त' साजरे करतात. बाहेरच्या माणसाला कुलूपबंद आणि ओस वाटणारी ही वास्तू त्या वाड्याच्या दृष्टीने घरचे देवघर असते.

दोन उदाहरणे घेऊ. जुन्या गोव्यातील 'आवर लेडी ऑफ द माउंट' हे चॅपेल सोळाव्या शतकाच्या प्रारंभी आफोन्सो द आल्बुकेर्क याच्या आज्ञेने उभारले गेले. ते ज्या टेकडीवर आहे तेथून मांडवीचे पात्र आणि दिवाडी व चोडण ही बेटे एका दृष्टिक्षेपात दिसतात. चोडणवरील खारफुटीत डॉ. सालिम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. 'फुंदासांव ओरिएंत' या पोर्तुगीज संस्थेने या चॅपेलचा जीर्णोद्धार केला आणि पुढे त्याच्या प्रांगणात संगीत महोत्सवही भरू लागला. दुसरे उदाहरण दक्षिणेकडील कुएलीच्या टेकडीवरील, तीन राजांचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चॅपेलचे. दरवर्षी ६ जानेवारीला तेथील फेस्ताच्या दिवशी कांसावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांतील तीन मुलगे राजांच्या वेषात घोड्यावर बसून टेकडी चढतात. साऱ्या पंचक्रोशीसाठी तो मानाचा दिवस असतो. त्या सुमारास तेथे आपल्या विवाहाचा बेत आखणाऱ्याने गावाचा दिनक्रम आधी विचारून घेतलेला बरा.

पाद्रींची संमती केवळ उपचार नव्हे

कॅथलिक चर्चच्या दृष्टीने विवाह हा संस्कार आहे आणि तो कोठे व कोणासमोर व्हावा याचे नियम चर्चच्या कायद्यात घालून दिलेले आहेत. वर किंवा वधू ज्या पॅरिशमध्ये राहते, तेथे विवाह व्हावा हा सर्वसाधारण नियम. अन्यत्र करावयाचा असल्यास आपल्या पॅरिशच्या पाद्रींची किंवा धर्मप्रांताच्या प्रमुखांची परवानगी लागते. पॅरिश चर्चऐवजी दुसऱ्या चर्चमध्ये किंवा चॅपेलमध्ये विधी करण्यास पाद्री अनुमती देऊ शकतात. उघड्या हिरवळीवर, वाळूवर किंवा हॉटेलच्या गच्चीवर दोघा कॅथलिकांचा विवाह लावावयाचा असेल, तर मात्र थेट बिशपांच्या पातळीवरची परवानगी आवश्यक असते आणि ती सहसा सहज मिळत नाही. चॅपेल हवे की चॅपेल दिसणारी हिरवळ हवी, हा प्रश्न म्हणूनच पहिल्याच दिवशी सोडवावा.

आणखी एक बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. कुटुंबाच्या परिचयातील, मुंबईहून येणाऱ्या पाद्रींच्या हस्ते विवाह लागावा, अशी पुष्कळांची इच्छा असते. ती पूर्ण होऊ शकते. परंतु ज्या पॅरिशच्या हद्दीत चॅपेल आहे, तेथील पाद्रींनी त्यांना तसा अधिकार रीतसर सोपवावा लागतो. हा अधिकार आणि दोन साक्षीदार यांवाचून झालेला विवाह चर्च ग्राह्य धरत नाही. सोहळा कितीही देखणा झाला, तरी ही उणीव पुढे कुटुंबाच्या डोकेदुखीचे कारण ठरू शकते.

बाप्तिस्म्याचा अलीकडे काढलेला दाखला, अविवाहित असल्याचे पत्र, विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गाचे प्रमाणपत्र, तसेच चर्चमध्ये विवाहाची पूर्वघोषणा या गोष्टींना वेळ लागतो. जोडप्यापैकी एक जण ख्रिस्ती नसेल, तर बिशपांकडून विशेष सूट मिळवावी लागते आणि तिच्यासाठी अर्ज पाद्रींमार्फतच जातो. ही सूट मिळाली की असा विवाह चॅपेलमध्ये होऊ शकतो. दुसऱ्या जोडीदाराने धर्म बदललाच पाहिजे, असे नाही. त्या दिवशी पूर्ण मिस्सा न करता प्रार्थना, वाचन आणि वचने एवढाच आटोपशीर विधी ठेवण्याची प्रथा आहे. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना हे आधीच समजावून सांगितले, तर ऐन वेळी होणारी कुजबुज टळते. प्रॉटेस्टंट पंथांचे नियम निराळे आहेत. ते त्या त्या चर्चच्या धर्मगुरूंकडूनच समजून घ्यावेत.

दोघेही ख्रिस्ती नसतील तर? चर्चचा विवाहसंस्कार त्यांच्यासाठी नाही, हे सरळ स्वीकारावे. केवळ छायाचित्रांसाठी वेदीसमोर वचनांचा देखावा करण्याची गळ पाद्रींना घालू नये. त्यात गावकऱ्यांच्या श्रद्धेचा प्रश्न तर आहेच, शिवाय कायद्याचाही आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार विवाह वर किंवा वधूपक्षाच्या रूढ विधींनी लागावा लागतो. असे विधी न करता केवळ प्रमाणपत्र मिळवल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. अशा जोडप्यांनी टेकडीच्या पायथ्याशी एखाद्या जुन्या घराचे अंगण घ्यावे, तेथे अंतरपाट धरावा आणि चॅपेल दुरून डोळे भरून पाहावे. सौंदर्य त्यानेही उणावत नाही.

कायद्याची दुसरी सही

गोव्यातील विवाहविषयक कायदा उर्वरित भारतापेक्षा वेगळा आहे, ही गोष्ट शेजारच्या महाराष्ट्रातही पुरेशी माहीत नसते. पोर्तुगीज काळातील, १८६७ च्या नागरी संहितेवर आधारलेला कौटुंबिक कायदा तेथे आजही लागू आहे आणि तो सर्वधर्मीय गोमंतकीयांना लागू होतो. तेथे विवाहाची नागरी नोंदणी हा मुख्य टप्पा मानला जातो. वर आणि वधू प्रथम नागरी निबंधकांसमोर इरादा नोंदवतात, त्याची जाहीर सूचना लागते आणि ठरावीक मुदतीनंतर पुढचा टप्पा येतो. चर्चमध्ये विवाह करणारी कॅथलिक जोडपी निबंधकांकडून ना-हरकत दाखला घेऊन तो चर्चमध्ये देतात आणि विधीनंतर त्याची नोंद नागरी दप्तरात उतरवली जाते. म्हणूनच गोव्यात 'पहिली सही' आणि 'दुसरी सही' हे शब्द लग्नघरात सहज कानी पडतात. पहिल्या सहीनंतर लग्न झाले असे समजून स्वस्थ बसणे धोक्याचे असते.

या नोंदणीसाठी वास्तव्याचे पुरावे मागितले जात असल्याने, चार दिवसांसाठी येणाऱ्या जोडप्याला ती घाईघाईने उरकता येत नाही. त्यामुळे बाहेरची अनेक जोडपी कायदेशीर विवाह आपल्या शहरात करतात आणि गोव्यात केवळ धार्मिक किंवा कौटुंबिक सोहळा ठेवतात. विशेष विवाह कायदा, १९५४ चा मार्ग निवडल्यास वर किंवा वधू यांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवे. नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावे लागते, तीन साक्षीदार लागतात आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह न झाल्यास ती रद्द ठरते. म्हणजे फार लवकर नोटीस देऊनही चालत नाही आणि फार उशिराही नाही. नागरी विवाह आधी करावा की चर्चमधील विधी आधी, याबाबत पाद्रींचे मत अवश्य घ्यावे. दोन्ही दप्तरांत मेळ राहील असाच क्रम ठेवावा.

जोडप्यापैकी एक जण गोमंतकीय असेल तर आणखी एका मुद्द्याकडे लक्ष हवे. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर गोव्याच्या कायद्यानुसार पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि दोघांचा त्यात निम्मा-निम्मा हक्क मानला जातो. वेगळी व्यवस्था हवी असल्यास तिचा करारनामा विवाहाच्या आधीच करावा लागतो, नंतर नव्हे. फुलांच्या कमानीवर चार बैठका घेणाऱ्या कुटुंबांनी या विषयासाठी वकिलाबरोबर एक तास घालवणे मुळीच जास्त नाही.

तारीख : ऋतू आणि उपवासकाळ

निसर्गरम्य ठिकाणचा विवाह म्हणजे निसर्गाच्या वेळापत्रकाशी केलेला करार. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. टेकड्या सर्वांत हिरव्या दिसतात त्या याच काळात. पण तेव्हा जांभ्या दगडाच्या पायऱ्या शेवाळतात, वाटा निसरड्या होतात आणि वीज जाण्याची धास्ती असते. ऑक्टोबरात परतीच्या सरी येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ हवामानाच्या दृष्टीने उत्तम, परंतु हाच पर्यटकांच्या गर्दीचा आणि चढ्या दरांचाही काळ. एप्रिल-मे मध्ये खोल्या तुलनेने सहज मिळतात, मात्र दुपारचा उकाडा सुटाबुटातील वराची आणि नऊवारीतील वरमाईची सारखीच परीक्षा पाहतो.

याच्या जोडीला धर्मपंचांग असते. नाताळपूर्वीचा आगमनकाळ आणि ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ या दिवसांत कॅथलिक कुटुंबे लग्नाचा थाटमाट टाळतात. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांदरम्यान कधीही येतो आणि त्यानुसार उपवासकाळाचा प्रारंभ फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सरकतो. त्यामुळे एका वर्षी चालणारी फेब्रुवारीची तारीख दुसऱ्या वर्षी चालेलच असे नाही. शेजारच्या कुटुंबाच्या अनुभवावर विसंबू नये, त्या वर्षाचे पंचांग पाहावे.

पाऊस ओसरला म्हणजे निसर्ग आपल्या बाजूला झाला, असेही नव्हे. याचे टोकाचे उदाहरण परदेशात घडले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात समुद्रालगतच्या टेकडीवर 'वेफेअरर्स चॅपेल' ही काच आणि लाकूड यांची देखणी वास्तू होती. ख्यातनाम वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांचे पुत्र लॉइड राइट यांनी तिची रचना केली आणि १९५१ मध्ये ती पूर्ण झाली. रेडवूड वृक्षांच्या कुशीतील हे चॅपेल विवाहांसाठी विशेष प्रसिद्ध होते. परंतु टेकडीची जमीन सरकू लागल्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते बंद करावे लागले आणि त्याच वर्षी त्याचे भाग काळजीपूर्वक सुटे करून जतन करण्यात आले. तेथे तारीख घेतलेल्या जोडप्यांना अर्थातच अन्य जागा शोधावी लागली. इतके टोक आपल्या वाट्याला येण्याचा संभव कमी. तरीही पर्यायी छपराची जागा, पैसे परत मिळण्याच्या अटी आणि दुसरी तारीख या तीन गोष्टी लेखी ठरवून ठेवण्याचा धडा त्यातून घ्यावा.

टेकडीवरची व्यवस्था

जागेची पाहणी करताना बरोबर छायाचित्रकार नेण्याआधी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीचा विचार करावा. पायऱ्या किती, गाडी कोठपर्यंत जाते, चाकांची खुर्ची नेता येते का, सावली व स्वच्छतागृह कोठे आहे, हे पाहावे. मोठी बस अरुंद वाटेवर वळत नाही, त्यामुळे पायथ्यापासून लहान गाड्यांच्या फेऱ्या ठेवाव्या लागतात. जुन्या गोव्यासाठी कोकण रेल्वेचे करमळी स्थानक सोयीचे आहे. दक्षिणेसाठी मडगाव. विमानाने येणाऱ्यांनी दाबोळी आणि २०२३ पासून सुरू झालेला उत्तरेकडील मोपा यांत गल्लत करू नये, कारण दोहोंमधील अंतर बरेच आहे. पत्रिकेत विमानतळाचे नाव स्पष्ट लिहावे.

पाहुण्यांची संख्या चॅपेलमधील बाकांवरून ठरवावी. उलट करू गेल्यास निम्मे आप्त बाहेर उन्हात उभे राहतात आणि विधी ध्वनिक्षेपकावरून ऐकतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मिस्सेसह विधीला साधारण तासभर लागतो, त्यामुळे मावळतीच्या प्रकाशात छायाचित्रे हवी असतील तर चार वाजता घंटा वाजायला हवी. वधूच्या केशरचनेला अर्धा तास उशीर झाला की हे गणित चुकते.

सजावटीच्या मर्यादा आधीच विचाराव्यात. जुन्या भिंतींना खिळे, चिकटपट्ट्या आणि वेदीजवळ कृत्रिम धूर कोणीही खपवून घेणार नाही. विधीतील गीते धार्मिक असतात, चित्रपटगीते मेजवानीसाठी राखून ठेवावीत. जुन्या गोव्यातील संरक्षित स्मारकांच्या परिसरात मंडपाचा विचार असेल, तर पुरातत्त्व खात्याचे निर्बंध तपासावेत. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवण्यास २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे. टेकडीवरचा आवाज तर दूरवरच्या वाड्यांपर्यंत पोहोचतो. मेजवानी पायथ्याशी, बंदिस्त सभागृहात ठेवणे सर्वांच्याच सोयीचे.

गावाचे लग्न

चॅपेलभोवतीच्या गावांत लग्न एका दिवसाचे नसते, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आदल्या दिवशी वराला आणि वधूला आपापल्या घरी नारळाच्या रसाने न्हाऊ घालतात. हा 'रोस' आपल्या हळदीचाच भाऊबंद. वधूला चुडा भरण्याचा विधी आहे आणि त्यात मामाकडच्यांचा मान मोठा. पूर्वजांच्या स्मरणार्थ गोरगरिबांना जेवू घालण्याची प्रथा आहे. लग्नानंतर नवदांपत्य वधूच्या घरी जाते, ते 'परतणें'. आपल्याकडील पाचपरतावणाची आठवण व्हावी असा हा प्रकार. आंतरधर्मीय विवाहात दोन्हीकडच्या मंडळींना जवळ आणणारा धागा येथेच सापडतो. सोहळा व्यवस्थापकाच्या ठरावीक कार्यक्रमपत्रिकेपेक्षा रोस आणि हळद एकाच अंगणात झाली, तर ती आठवण अधिक काळ टिकते.

गावाशी असलेले हे नाते खर्चाच्या हिशेबातही उमटावे. फुले, जेवण, बँड, गाड्या यांपैकी जे गावात मिळते ते गावातूनच घ्यावे. चॅपेलच्या देखभालीसाठी देणगी द्यावी आणि सोहळ्यानंतर टेकडीवर एकही बाटली वा फुगा मागे राहणार नाही याची जबाबदारी नाव घेऊन कोणावर तरी सोपवावी. फेस्ताच्या, नोव्हेनाच्या किंवा अंत्यविधीच्या वेळेशी आपला कार्यक्रम आडवा येत असेल, तर माघार आपण घ्यावी. त्या टेकडीवर आपण एक दिवसाचे पाहुणे असतो. वाड्यावरचे लोक मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेथेच प्रार्थनेला येणार असतात.

नियोजनाचा क्रम

वर्षभर आधी : चॅपेल ज्या पॅरिशमध्ये आहे तेथील पाद्रींची भेट, आपल्या पॅरिशच्या पाद्रींशी चर्चा, तारखेची लेखी निश्चिती.

आठ ते दहा महिने आधी : आंतरधर्मीय विवाह असल्यास विशेष सुटीचा अर्ज, विवाहपूर्व वर्ग, वकिलाचा सल्ला, पाहुण्यांची यादी, मुक्कामाची जागा.

सहा महिने आधी : वृद्धांच्या दृष्टीने जागेची पाहणी, पर्यायी छपराची जागा, वाहतूक आणि मेजवानीचे लेखी करार.

दोन ते तीन महिने आधी : नागरी निबंधकांकडील सूचना व कागदपत्रे, साक्षीदारांची निश्चिती, ध्वनिक्षेपक आणि मंडपाच्या परवानग्या.

शेवटचा आठवडा : चॅपेलमध्ये रंगीत तालीम, आणि गावातील प्रमुखांना प्रत्यक्ष जाऊन आमंत्रण.